दोन पाहुणे

द्राक्षं पिकली की आमच्या डोंगरात सकाळ लवकर जागी होत नाही. धुकं बांधांवर लोळत असतं आणि माणसं त्यात अर्धीच दिसतात. अशा धुक्यात माझ्या नवऱ्याने, अखबोरने, तिम्नाला मळ्यात पकडलं. तिच्या ओच्यात आमचे चार घड होते.

तिम्ना परक्या मुलखातली, अदोमची. सून म्हणून गावात आली आणि दोन वर्षांत विधवा झाली. घरात आता एकटी सासू, शलोमीथ, पायांनी अधू. आमच्यात दुसऱ्याच्या मळ्यात शिरून पोटभर खायला कुणाची ना नाही. पण ओच्यात एक मणी टाकला तरी ती चोरी. भरपाई द्यायला तिम्नाकडे काही नव्हतं. म्हणजे तिने परक्या घरी दासी म्हणून राबायचं आणि म्हातारीने एकटीने मरायचं. नवऱ्याचा मला भयंकर राग आला.

तसे आमचे हे फार भाविक. मागच्या साली एक संदेष्टा वेशीत ओरडून गेला, देवाला मेंढ्यांचं रक्त नको, न्याय हवा. हे ढसाढसा रडले, आणि घरी येऊन दोन मेंढे जास्तीचे कापले!

वेशीत पंच बसले. थोरले यद्दोकाका डोळे मिटून ऐकत होते.

“घड ओच्यात होते ना, बाई?”

“होते, काका. सासूबाई तापात आहेत. झोपेतही द्राक्षं खाताहेत. नुसतंच तोंड हलतं.”

हे चुळबुळले. “बरं, राहू दे. मी टोपलीभर दान देतो म्हातारीला. सगळ्यांदेखत देतो.”

“दान मागाहून कर.” काकांनी डोळे उघडले. “तुझ्या मळ्यात बसून पोटभर खायचा हक्क आहे की नाही तिला?”

“आहे. पण तिला चालता कुठे येतं?”

“घड तिच्याकडे निघाले तर चोरी म्हणतोस. मग तिला घडांकडे ने. तिम्ना, ते चार घड याला परत दे. चोरी मिटली.”

“पण काका,” हे म्हणाले, “गाढव द्राक्षं तुडवायच्या कुंडावर गेलंय.”

“आणि तू कुठे गेलायस?”

सगळी वेस हसली. मीही हसले, आणि लपवलं नाही.

यांनी म्हातारीला पाठीवर घेतलं. धुक्यात हे बांधामागून बांध धापा टाकत चढले, मी मागून. म्हातारी तापातच होती. “जपून रे बाळा,” ती पुटपुटत होती. मेलेला मुलगा परत आलाय असंच तिला वाटत होतं. मला रडू आलं.

वेलाखाली बसवल्यावर तिने स्वतःच्या हाताने एक मणी तोडला आणि यांच्या तोंडात घातला.

“किती दमलास! तू आधी खा.”

हे डोळे मिटून चावत राहिले.

“मळा कुणाचा रे हा?”

न विचारता आपलं नाव सांगणारा माझा नवरा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली मातीकडे.

“तू खा, आई. आपण दोघं पाहुणे आहोत.”

दुसऱ्या दिवशी गाढव दारातच उभं होतं. तरी हे धुक्यातून म्हातारीच्या दाराशी गेले आणि पाठ वाकवून बसले.