पाच सवाष्णींची यादी

आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा आरती झाली तेव्हा दिव्याची ज्योत केसभरही हलली नाही, आणि डोक्यावरचा पंखा तर पूर्ण वेगाने फिरत होता. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण त्या ज्योतीपर्यंत पोचायला तीन बैठका लागल्या, आणि तिसऱ्या बैठकीत माझी थोरली वहिनी बोलली नसती तर आम्ही अजून तिथेच खुर्च्या अडवून बसलो असतो.

आधी वहिनीचं सांगतो. मी चर्चची घंटा वाजवतो, दारं उघडतो, फरशी झाडतो. वेदीवरच्या मेणबत्त्यांना मात्र हात लावायची माझी प्राज्ञा नाही. ते खातं वहिनीचं. माझा भाऊ गेला त्या वर्षी तेव्हाच्या फादरांनी तिला मेणबत्त्यांच्या कपाटाची किल्ली दिली, त्याला एकतीस वर्षं झाली. सामानाच्या खोलीची खिडकी डाव्या बाजूला, वारा तिथून येतो, म्हणून डावीकडची मेणबत्ती सगळ्यांत शेवटी पेटवायची, हे तिने कुणालाही शिकवलेलं नाही. एकदा ऐन मिस्सेत, रविवारच्या प्रार्थनेत, वावटळ घुसली. दोन्ही दारं सताड उघडली, हार्मोनियमपाशी बसलेल्या पेटीमास्तरांची टोपी उडाली ती थेट वर घंटेच्या पोटात जाऊन बसली, आणि पुढचे तीन दिवस माझी घंटा ‘ठण्’ऐवजी ‘भप्’ करत होती. पण वहिनीच्या सहाच्या सहा मेणबत्त्या तेवत होत्या. खोटं वाटत असेल तर टोपी अजून आहे, येऊन बघा.

तर नवे फादर आले. तरुण, भरभर चालणारे. पहिल्याच बैठकीत म्हणाले, “मिस्सा आपल्या भाषेत होते, कुणाला वावगं वाटत नाही. मग दिवा, फुलं, धूप आपल्या रीतीने का नको? वेदीपाशी समई ठेवू, आणि मोठ्या प्रार्थनेच्या शेवटी पितळी थाळीत आरती ओवाळू. वरून परवानगी आहे.”

झालं. बाकांच्या दोन बाजू पडल्या.

आरतीच्या बाजूने पुढे सरसावले टेपसाहेब. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, पण मोजायचा टेप काही खिशातून निवृत्त झालेला नाही. लग्नात त्यांनी आधी नवरी मोजली आणि मग हार घातला, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच.

विरोधात पेटीमास्तर. तीस वर्षं आमच्या गायनाला हार्मोनियम वाजवतात. बोटं रेशमाची, जीभ करवतीची.

“आहे ते काय वाईट आहे?” पेटीमास्तर म्हणाले.

“आहे ते तरी कुठून आलं?” टेपसाहेब म्हणाले. “मेणबत्त्या काय प्रभूने स्वतः दुकानातून आणल्या होत्या? आणि तुमची पेटी? शेवटच्या भोजनाला वाजत होती वाटतं!”

लोक हसले. पेटीमास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“माझे आजोबा लहानपणी आरती ऐकायचे ती देवळाबाहेर रस्त्यावर उभं राहून,” ते म्हणाले. “थाळी आत फिरायची. सगळ्यांपुढे जायची. त्यांच्यापर्यंत कधी आली नाही. इथे आल्यावर त्यांना पहिल्यांदा कुणीतरी ‘पुढच्या बाकावर बसा’ म्हणालं. फादर, तीच थाळी आता तुम्ही माझ्या समोर आणणार?”



“म्हणूनच आणायची,” फादर हळू म्हणाले. “इथे ती सगळ्यांपर्यंत येईल.”

“बघू,” पेटीमास्तर म्हणाले. दुकानदाराने भाव सांगितल्यावर आपण म्हणतो ना, तसं.

दुसऱ्या बैठकीत ठरलं की एका रविवारी करून बघायचं आणि मग काय ते ठरवायचं. पेटीमास्तरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, “करा. माझी पेटी आरतीला वाजणार नाही.”

आणि आमची वहिनी? ती तर पहिल्या दिवसापासून आरतीवर खूश. तिने एकच प्रश्न विचारला होता, “समईला वाती किती?” त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर ही फ्रिजपुढे उभी. हातात जेवायची स्टीलची थाळी, थाळीत वाटी, वाटीत मेणबत्तीचं थोटूक. डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून थाळी फिरवत होती. फ्रिजला ओवाळत होती म्हणा ना.

“वहिनी, फ्रिजला आशीर्वाद मिळाला तर त्यातलं दूध आता कधी नासायचं नाही,” मी म्हटलं.

“भावजी, तुम्ही तोंड मिटून पाणी प्या,” ती म्हणाली. पण लाजली. सत्तरीची बाई अशी लाजलेली मी क्वचित पाहिली आहे.

शुक्रवारी टेपसाहेबांनी सूचनाफलकावर कागद लावला. पट्टीने आखलेला, बाण काढलेला. समई वेदीपासून दीड हात. थाळी उजवीकडून, तीन फेरे. आणि चौथ्या ओळीत, सुरेख अक्षरात: थाळी धरण्यासाठी पाच सवाष्णी. त्याच्याखाली: वाती वळणे, थोरल्या बाई.

वहिनीने तो कागद दोनदा वाचला. मी झाडू घेऊन मागेच होतो. घरी आल्यावर स्टीलची थाळी घासली, पुसली आणि फळीवर पालथी ठेवली.

“वाती वळते मी,” ती म्हणाली. “ठीक आहे.”

तुम्हाला वहिनी माहीत नाही. ती ‘ठीक आहे’ म्हणाली की आमची मांजर खिडकीतून बाहेर जाते.

शनिवारी दुपारी तिसरी बैठक. सवाष्णींची यादी पक्की करायची होती. चार सापडल्या. पाचवी म्हणून बेकरीवालीचं नाव निघालं, आणि घोडं तिथेच अडलं. तिचा नवरा बोटीवर कामाला गेला त्याला चौदा वर्षं झाली होती. ना पत्र, ना फोन.

“जिवंत असेल तर चालेल,” टेपसाहेब म्हणाले.

“आणि असेल की नाही हे कोण सांगणार?” कुणीतरी म्हणालं.

“मला कळलं तर आधी मीच जाऊन त्याला बघते,” बेकरीवाली म्हणाली. “मग तुमच्या यादीचा प्रश्न आपोआप सुटेल. चारच उरतील.”

अर्धा तास यावर खल झाला. सात वर्षं खबर नसली की सरकार माणूस मेला असं धरतं, असं एकाने सांगितलं. दुसरा म्हणाला, सरकारचं काय, सरकार जिवंत माणसालाही दाखला मागतं. टेपसाहेब घाम पुसत होते. फादर कागदाकडे बघत होते, आणि मला वाटतं, ती चौथी ओळ ते तेव्हा पहिल्यांदा नीट वाचत होते.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून वहिनी उठली. हातात वळलेल्या वातींचा डबा होता.

“मला एक विचारायचं आहे,” ती म्हणाली. “आरती कुणाची?”

“प्रभूची,” टेपसाहेब म्हणाले. “आणि सणाला मरियामातेची.”

“प्रभूला क्रुसावर दिलं तेव्हा मरियामाय सवाष्ण होती?”

तिचा नवरा योसेफ त्याच्या आधीच गेला, असं आम्हा सगळ्यांना लहानपणापासून शिकवलेलं.

“म्हणजे उद्या मरियामाय स्वतः दारात आली,” वहिनी म्हणाली, “आणि म्हणाली, ‘द्या, माझ्या लेकाला मी ओवाळते’, तर तिला काय सांगायचं? आजी, तुम्ही मागे बसून वाती वळा?”

“वहिनी, नियम माझा नाही हो,” टेपसाहेब रडकुंडीला आले. “रीत जशी आहे तशी घेतली. अर्धवट केली तर लोक हसतील.”

“एकतीस वर्षं या हातांनी दिवे लावले. तेव्हा कुणी हसलं?”

मलाही राहवेना. “टेपसाहेब,” मी म्हटलं, “तुमची मंडळी जाऊन सहा वर्षं झाली. दर रविवारी पुढे उभं राहून पहिलं वाचन कोण करतं? तुमच्यासाठी यादी कुठे लावली आहे?”

आणि मग पेटीमास्तर उभे राहिले. मला वाटलं, आता हे आगीत तेल ओततात. आणि ओतलंच.

“मी हेच सांगत होतो,” ते म्हणाले. “थाळी उचलायला गेले आणि उंबरठाही उचलून आणला! माझ्या आजोबांना ज्या उंबरठ्यावर थांबवलं, त्याच्यावर आज या बाईला उभं केलंत. फादर, थाळीला माझा विरोध आहे. उद्याही राहील. पण ती फिरणारच असेल तर या बाईच्या हातात फिरू द्या. नाहीतर मी पेटी घेऊन घरी चाललो.”

फादर म्हणाले, “उंबरठा परत ठेवून येऊ आपण. थाळी राहू दे.” आणि त्यांनी टेपसाहेबांकडे पाहिलं.

टेपसाहेबांनी पेन्सिल काढली. पट्टी लावून ‘सवाष्णी’ या शब्दावर रेघ मारली. रेघ सरळच आली. वाकडी रेघ मारणं त्यांच्या जिवावर येतं. मग कागद वहिनीपुढे धरून म्हणाले, “वहिनी, चुकलं. आमची ही असती तर तिनेच माझा कान धरला असता.”

“तिने टेपच ओढून घेतला असता,” वहिनी म्हणाली, आणि सगळी खोली हसली.

रविवारी चर्च असं भरलं की मी घंटेच्या दोरीला लोंबकळून मिस्सा ऐकली. मोठी प्रार्थना संपली. वहिनी पुढे आली. बेकरीवालीच्या हातात फुलं, आणखी एकीच्या हातात धूप. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की इतक्या बैठका झाल्या, पण गायचं काय हे कुणी ठरवलंच नव्हतं. पेटीमास्तर बसले होते हाताची घडी घालून.

वहिनीने शांततेतच थाळी फिरवली. एक फेरा. दोन. तीन. बांगडीचाही आवाज नाही, कारण बांगडीच नाही.

टेपसाहेबांच्या कागदावर आरती इथे संपत होती. वहिनी थांबली नाही. ती वेदीची पायरी उतरली, सरळ हार्मोनियमपाशी गेली आणि थाळी पेटीमास्तरांपुढे धरून उभी राहिली. कुणालाही देण्याआधी, फादरांच्याही आधी.

पेटीमास्तर थाळीकडे बघत राहिले. मग घडी सोडली. दोन्ही तळवे ज्योतीवर धरले, डोळ्यांना लावले, आणि तसेच बराच वेळ डोळ्यांवर ठेवले.

हात खाली आले ते पेटीवरच आले. आमचं जुनंच स्तुतीचं गाणं त्यांनी धरलं, जरा चढ्या लयीत, आणि सगळं चर्च गायला लागलं. वहिनी बाकाबाकाशी थाळी नेत होती. शेवटच्या बाकापर्यंत. दोरीपर्यंतही आली.

मिस्सेनंतर पेटीमास्तर बाहेर भेटले. “माझं मत बदललेलं नाही हं, बाई,” ते म्हणाले.

“मत ठेवा तुमचं,” वहिनी म्हणाली. “पुढच्या रविवारी सूर जरा खालून धरा. आमचा घसा बसला.”

एवढ्या वेळात ज्योत हलली नाही. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. वहिनी म्हणते की पंखा मीच आधी बंद केला होता, आणि बटणाशी मला तिने स्वतः पाहिलं. तिला कसं दिसलं असेल? तिचे डोळे तर थाळीवर होते.