उंबऱ्याबाहेरचं ताट

"लेसिएली मावशी, मी आत गेले असते तर तो वाचला असता का?"

ओफेइना आमच्या टोंगन रिवाजाप्रमाणे कमरेला सुतकाची चटई गुंडाळून माझ्यासमोर बसली होती. तिच्या भावाने, सेमिसीने, हिवाळ्यात घराला लागूनच्या गॅरेजमधल्या खोलीत जीव दिला. ऑकलंडमध्ये माणसं आपला जीव का घेतात, कुठल्या वस्तीत, कुठल्या वयात, याचा अभ्यास आमचं पथक करतं. मरण कशाने आलं ते शवविच्छेदन करणारे डॉक्टर सांगतात. का आलं, ते विचारत घरोघर मी फिरते. टोंगन घरांत टोंगन बाईच हवी ना! नशीब माझं.

"तुला काही ऐकू यायचं?"

"रडायचा. रोज. भिंत केवढीशी! आईला सांगितलं, तर म्हणाली, गोदामात दमत असेल. आणि मी बहीण. मी कशी जाणार आत?"

कशी जाणार! आमच्यात मुलगी वयात आली की भावाच्या खोलीत पाऊल टाकत नाही, आणि ती दारात असली तर भाऊही बाहेर येत नाही. तो मान असतो, धाक नव्हे.

तिची आई आतून उकडलेला तारोचा कंद घेऊन आली. "तिला काय विचारतेस? रविवारी चर्चमध्ये गाताना सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच! खा गं, गार होतंय."

"तुझा दोष नाही, पोरी," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण तिच्या काही उपयोगाचंही नव्हतं.

ऑफिसात आमच्या प्रमुख, डॉक्टर रोवेना, थांबल्या होत्या. "बहिणीला काहीच माहीत नव्हतं का?"

"सगळं माहीत होतं." मग मी उंबऱ्याचं सांगितलं.

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. भली बाई आहे. "मग उपाय काय सुचवायचा, लेसिएली? तू सांग."

"मला कुठे ठाऊक!" मी खेकसले. राग त्यांच्यावर नव्हता.

घरी आले. आमच्याही गॅरेजमध्ये एक जण राहतो. माझा भाऊ तालेकी. विमानतळावरची नोकरी गेली, मग बायको गेली. आई होती तोवर ती त्याच्याजवळ जाऊन बसायची. आता मी ताट उंबऱ्याबाहेर ठेवते, खाकरते आणि वळते.

आज कालचं ताट तसंच होतं. माशाला मुंग्या लागलेल्या.

जन्मात पहिल्यांदा मी ते दार वाजवलं. "तालेकी, बरा आहेस ना?"

आत खुर्ची सरकली. "बरा आहे गं. जा तू."

घरोघरी हेच ऐकलंय मी. 'बरा आहे, म्हणाला होता.' हात दाराच्या मुठीवर गेला, पण मूठ काही फिरवेना. मेला हात!

कालचं ताट उचललं, आजचं ठेवलं आणि शेजारीच फरशीवर बसले. मी इथे आहे तोवर बहिणीचा मान राखून तो ताट घ्यायलाही दार उघडणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी उठवेना.