बॉयलरच्या पोटातला करार

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. शहापुरात आजवर एकालाही वाटलेली नाही. आणि शहापूरची माणसं तर 'सोमवारी साडी देतो' म्हणणाऱ्या विणकरावरसुद्धा विश्वास ठेवतात!

भुजबलीअण्णांच्या सूत रंगवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी बॉयलर पेटवला. अण्णा गेले, कारखाना बंद पडला, जागा विकली गेली. परवा त्यांचा मुलगा जिनेंद्र निपाणीहून आला तो भंगारवाल्या मष्णूला बरोबर घेऊनच. टेम्पोत गॅस कटर होता.

"तम्मण्णा आप्पा, बाजूला सरका," जिनेंद्र म्हणाला. "सांजच्याला जागा मोकळी करून द्यायची हाय."

"सरकतो की. पण ह्यो बॉयलर कापलास तर विलायतेत खटला उभा ऱ्हाईल, तेवढं बघ."

मष्णूने काळा चष्मा कपाळावर चढवला. "कुणाचा खटला?"

दोघंही थांबले. मला तेवढंच हवं होतं. मी सांगायला लागलो.

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात हॉब्सवर्थ आणि पिंडर असे दोन भागीदार होते. हॉब्सवर्थ इंजिनियर, कागदावर रेघा ओढणारा. पिंडर बॉयलर बांधणारा, पंजे फावड्याएवढे. आता पत्रे जोडणारं रिबिट मारायला दोघं लागतात. एक बाहेरून घण घालतो, दुसरा आत बसून जड लोखंड टेकवून तापलेलं रिबिट रेटून धरतो. या दोघांचा गड्यांवर भरवसा नव्हता, म्हणून पिंडर बाहेर आणि हॉब्सवर्थ आत. सात वर्षांत हॉब्सवर्थ इतका बहिरा झाला की शेजारी तोफ उडाली तरी डास आला म्हणून गालावर चापट मारून घ्यायचा.

"आप्पा, लई व्हतंय हं!" मष्णू हसला.

"हसू नगंस. बहिऱ्यासंगं बोलणार कसं? टोल्यांनी. एक टोला म्हंजे थांब. दोन म्हंजे चहा. तीन म्हंजे तुझी बायको आलीया, आतच बस."

जिनेंद्रने घड्याळ पाहिलं, तसा मी मुद्द्यावर आलो. "म्हणून त्यांनी करार कागदावर केलाच न्हाय. ह्याच बॉयलरच्या आत छिन्नीनं कोरला. दोघांची नावं आन् खाली वर्साला एक रेघ. पत्रा अखंड तवर भागीदारी. त्यांच्या पणतूंच्या सह्या आण, मग खुशाल काप."

"तुमी सोता बघितलासा?" जिनेंद्रने विचारलं.

"दर वर्सी भोकातनं आत शिरून पाण्यानं धरलेल्या खपल्या कोण काढत हुतं? तुझा बा? ह्या बोटांनी चाचपलाय मी."

बॉयलरकडे जिनेंद्रने पहिल्यांदा नीट पाहिलं. "अण्णा सांगायचे, लई जुना हाय म्हणून," तो हळूच म्हणाला. "गोऱ्यांची नावं खरंच असली तर कुणीतरी ठेवून घील. बेळगावात दोघातिघांना फोन करतो. मष्णू, आत जाऊन बघून ये."

जिंकता जिंकता मी भोकाच्या आड येऊन उभा राहिलो.

"आत विंचू हायत," मी म्हणालो.

"असू देत." मष्णूने मोबाइलची बॅटरी लावली आणि खांदे आवळून भोकातून आत उतरला.

त्याचं खरवडणं मला बाहेर ऐकू येत होतं. कुठल्या बाजूला सरकतोय, कुठे गुडघा टेकतोय, सगळं कळत होतं. पत्र्यांची पुढची शिवण, मग उजवीकडचा पत्रा. तिथे तो थबकला. मी बाहेरून बोटाच्या पेराने एक टोला मारला. थांब. आतलं खरवडणं पुन्हा सुरू झालं.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, तोंड गंजाने तांबडं झालेलं. मी डोळ्यांनी खुणावलं. हात जोडायचेच तेवढे राहिले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जिनेंद्रकडे, आणि मान खाली घातली.

"आप्पा, खोटं बोललासा. गोऱ्याचं नाव न्हाय आत. एकच नाव हाय, तम्मण्णा. आन् खाली एकतीस रेघा."