आठ जणींचा पाऊस

बऱ्हाणपुरात सोमवारी पाऊस जास्त पडतो, हा शोध सुनंदाने नागपुरात बसून लावला.

ती तेव्हा बी. ए. ऑनर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. विषय भूगोल. ऑनर्स हवं असेल तर आपल्या गावच्या हवापाण्यावर प्रबंध लिहावा लागे. तो पसंतीस उतरला तर ऑनर्स, नाही तर साधी बी. ए. सुनंदाच्या मनात पुण्याच्या वेधशाळेतली नोकरी होती, आणि तिथे साध्या बी. ए.च्या जोरावर आपल्याला कोणी उभं करणार नाही, हे ती जाणून होती. साध्या बी. ए. झालेल्या चार मुली बऱ्हाणपुरात तिच्या बुधवारा पेठेतल्या गल्लीत होत्या. चौघींची पदवी लग्नपत्रिकेवर एकदा छापून आली, तेवढीच.

आदल्या नोव्हेंबरात, छप्पन साली, राज्यांची फेरमांडणी झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर भोपाळकडे गेलं, आणि सुनंदाला घरून येणारा चिवड्याचा डबा एका आठवड्यात परराज्यातला माल झाला. बाकी चिवड्यात फरक पडला नाही. पावसाच्या आकड्यांत मात्र पडला. तिच्या घरामागच्या सरकारी कचेरीत पर्जन्यमापक होता आणि तिथली दहा वर्षांची नोंद तिने मागवली होती. कचेरीने ती नव्या छापील फॉर्मावर, हिंदीत टाइप करून पाठवली. तारीख, इंच, सेंट. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग.

सुनंदाला आकडे वाराप्रमाणे लावून बघायची खोड होती. तिने लावले, आणि जेवणाची घंटा झाली तरी जागची उठली नाही. १९५० पासून दर पावसाळ्यात लागोपाठ सहा सोमवार पावसाचे निघत होते. पहिल्या दोन सोमवारी इतर दिवसांपेक्षा सुमारे अर्धा इंच जास्त, मधल्या दोन सोमवारी इंचभर, शेवटच्या दोन सोमवारी पुन्हा अर्धा. १९५० च्या आधी असं काही नव्हतं. भारताची राज्यघटना लागू झाली आणि बऱ्हाणपुरात सोमवारचा पाऊस सुरू झाला, इतकाच काय तो अर्थ कागदावरून निघत होता.

तिचे मार्गदर्शक टेंभेकर सर यांनी तक्ता पाहिला आणि खुर्ची मागे सारली.

"गिरणी," ते म्हणाले. "तुमच्या गावात गिरणी आहे ना? रविवारी बंद. सोमवारी पहाटे बॉयलर पेटतो, काजळी एकदम वर जाते. त्या कणांभोवती थेंब धरतात."

"पण सर, सहाच सोमवार का?"

"बाकीच्या सोमवारी हवेत ओल पुरत नसेल."

"आणि पन्नासच्या आधी?"

"आधी कोळसा बरा येत असेल."

सरांपाशी प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. तिथेच शंका यायला हवी होती, पण सुनंदा एकवीस वर्षांची होती आणि तिचा शोध कोणी पहिल्यांदाच इतक्या प्रेमाने बघत होतं. आठवड्याभरात सरांनी दिल्लीच्या एका परिषदेला निबंध पाठवलाही. वर त्यांचं नाव होतं, खाली तिचं, मध्ये बरीच जागा.

प्रबंधात प्रत्यक्ष पाहणीचं एक प्रकरण लागत असे. सुनंदाने पंधरा दिवसांची रजा काढली आणि श्रावण लागता लागता ती घरी आली. पहिल्याच सोमवारी पहाटे उठली, तर आई घरात नव्हती. देवाला गेली असेल, असं म्हणून तिने वही घेतली, छत्री घेतली आणि मागच्या गल्लीने कचेरीकडे निघाली. आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. आता ढग येतील कुठून, या विचारात ती आवाराच्या फाटकातून आत शिरली.

आत आठ बायका ओळीने उभ्या होत्या. ओळीच्या तोंडाशी सिमेंटचा ओटा, ओट्यावर फूटभर उंचीचं जस्ताचं नळकांडं, त्याला पितळी काठ, आत नरसाळं. हाच तो पर्जन्यमापक. काठाला हळदकुंकू होतं. ओळीत तिसरी तिची आई, मालूबाई, हातात तांब्याचा लहानसा गडू.

"सुने, छत्री कशाला गं?" मालूबाई म्हणाली.

सुनंदाने छत्री पाठीमागे घेतली.

"मालूबाई, पोरगी नागपुरास्नं भिजाले आली का?" ओळीतली पहिली बाई म्हणाली. ही धुरपदाबाई, कचेरीच्या दारात फुलं विकायची. तिने आपला गडू नरसाळ्यात ओतला, हात जोडले आणि बाजूला झाली.

"आई, हे काय आहे?"

"कचेरीतला महादेव."

"आई, ते पाऊस मोजायचं यंत्र आहे."

"असेल. त्यालाही काही काम नको का?"

"ओतलं की पितो," धुरपदाबाईने माहिती दिली. "दुसरे देव अंगावर घेता अन् सांडता. हा थेंब सांडत नाही."

"गडू एवढाएवढाच का मग?"

"देव लहान आहे," मालूबाई म्हणाली. "ठसका लागेल."

ओळीतल्या शेवटच्या चौघी हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या होत्या. त्यांतली एक शोभाची आई, सुनंदाच्या वर्गमैत्रिणीची. सुनंदाने तिला विचारलं, "काकी, तुमचाही आजच पहिला सोमवार?"

"नहीं बिटिया, तीसरा. हमारा सावन पंद्रह दिन पहले लगता है. तुम्हारावाला देर से उठता है."

"उशिरा उठतो, पन आंघोळ करून येतो," धुरपदाबाई म्हणाली.

सुनंदाने छत्री भिंतीला टेकवली आणि वहीत सहा रेघा मारल्या. हिंदी घरांचा श्रावण पौर्णिमेनंतर लागतो, मराठी घरांचा अमावास्येनंतर. म्हणजे आधीचे दोन सोमवार त्या चौघींचे, मधले दोन आठही जणींचे, शेवटचे दोन आपल्या चौघींचे. अर्धा, एक, अर्धा. तिला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ दिल्ली आठवली. परिषदेला गेलेल्या निबंधात बॉयलरची आकृतीसुद्धा होती.

आठाच्या ठोक्याला शिपाई कडू आला. चिखल लागू नये म्हणून त्याने वहाणा ओट्याखाली काढल्या. नरसाळं उचलून आतली बाटली काढली, पाणी मापाच्या काचेत ओतलं आणि काच दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरून स्तब्ध उभा राहिला. आठही जणींनी हात जोडले. मग त्याने ओल्या फडक्याने पितळ पुसलं. रोज आठ वाजता अनवाणी येऊन हे सगळं करणाऱ्या माणसाला गल्लीने पुजारी समजावं, यात गल्लीची चूक सुनंदाला काढता येईना.

"एक इंच सतरा सेंट," कडूने लिहून घेतलं.

"कडूभाऊ, हे काय मोजलंत?"

"पानी."

"पाऊस कुठे आहे पण?"

"पाऊस मोज असं कोनी सांगितलं नाही, बाई. जुन्या साहेबानं सांगितलं, बाटलीत जेवढं तेवढं लिव्ह. सात वर्सं लिवतो. एक सेंट इकडचा तिकडं नाही."

"त्यांना अडवलं का नाही?"

"अडवलं ना. आधी तारेचं कुंपन व्हतं. पन्नास साली झेंड्याच्या मांडवाले तार नेली, ती आली नाही. मंग ह्या आल्या. म्हटलं, हे सरकारचं आहे. तर धुरपदाबाई म्हनते, सरकार पानी पितं का?"

त्याने तिला आपली मूळ वही दाखवली. अक्षर वेडंवाकडं होतं, पण नोंदी चोख. प्रत्येक श्रावणी सोमवारापुढे शेरा होता: आभाळ साफ, बाया चार, बेलपान एक. आभाळ साफ, बाया आठ, बेलपानं तीन. नव्या फॉर्मात शेऱ्याचा रकाना नव्हता, म्हणून टाइप करणाऱ्याने आकडे घेतले आणि बाया सोडून दिल्या.

त्या दुपारी सुनंदा मापाची काच मागून घेऊन आठ घरं फिरली. गडू भरून द्या, म्हणायची, आणि पाणी काचेत ओतायची. देवाच्या गडवाचं माप घेणं बरं नव्हे, असं तिघींनी सांगितलं. मग आमचा तिच्यापेक्षा मोठा आहे ना, असं त्याच तिघींनी विचारलं. सरासरी निघाली तेरा सेंट. तिने सात वर्षांचे सोमवार काढून वजाबाकी केली. वर्षाला चार इंचांच्या वर पाऊस या आठ जणींनी पाडला होता. उरलेला आकडा साधा होता, कंटाळवाणा होता आणि खरा होता.

नागपुरात टेंभेकर सरांनी वही शेवटपर्यंत वाचली. मग दार लावून घेतलं.

"दिल्लीला निबंध स्वीकारला आहे," ते म्हणाले.

"हो, सर."

"काजळीवर प्रबंध दिलास तर ऑनर्स माझ्या हातात आहे. गडवांवर दिलास तर बाहेरचा परीक्षक ठरवणार. तो हसला तर संपलं. तुझं संपलंच, माझंही थोडं."

"सर, गिरणी पंचांग बघून पेटत नाही. दरवर्षी ते सोमवार तारखेने पुढेमागे सरकतात."

सरांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "तुझा प्रबंध आहे," ते म्हणाले आणि दार उघडलं.

सुनंदाने गडवांवर दिला. चार रात्री तिला झोप आली नाही. वेधशाळेच्या फाटकावर धुरपदाबाई फुलं विकत बसली आहे, असं काहीतरी डोळ्यांपुढे येई.

मार्चमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक बारीक चणीचे, वयस्क गृहस्थ होते. टेंभेकर सर त्यांच्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. परीक्षकांनी पाऊण तास जमीन, नद्या, केळीच्या बागांचं पाणी यांवर विचारलं. मग परिशिष्टाचं पान उघडलं. ते हसले नाहीत.

"गडू किती मोजले?"

"आठ, सर. प्रत्येक तीनदा."

"सांडलेलं?"

"सांडत नाहीत, सर. त्याबद्दल त्या फार काटेकोर आहेत."

त्यांनी तक्त्यावरून पेन्सिल फिरवली. ती एका जागी थांबली. "मराठी घरांतल्या बायका चार, म्हणून सोमवारी त्यांचे गडू चार. ठीक. पण पंचावन्न आणि छप्पन या दोन वर्षी तुम्ही पाच गडू वजा केलेत. ही पाचवी बाई कोण?"

"पाचवी नाही, सर. आई दोन ओतते."

"का?"

सुनंदाने साडीचा पदर सारखा केला. "पंचावन्न साली मी ऑनर्सला नाव घातलं. दुसरा त्यासाठी आहे."

टेंभेकर सरांनी खिडकी सोडून तिच्याकडे पाहिलं. परीक्षकांनी समासात तेरा सेंट गुणिले चार सोमवार गुणिले दोन वर्षं असं मांडलं.

"एक इंच चार सेंट," ते म्हणाले. "आईने तुमच्यासाठी ओतलेलं. सगळं वजा केलंत?"

"हो, सर. तो पाऊस नव्हता."

परीक्षकांनी मागे न टेकता निकालाचा कागद पुढे ओढला, 'ऑनर्स' या शब्दापुढे बरोबरची खूण केली आणि सहीसाठी तो टेंभेकर सरांकडे सरकवला. सरांनी खिसे चाचपले. त्यांचं पेन कुठे सापडेना, तेव्हा सुनंदाने आपलं दिलं.