कोलशेतच्या हेवीवेटांचा वजनकाटा

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि सध्या मला माणसांचा वीट आला आहे. का ते सांगतो, पण आधी माझी जन्मकथा ऐका.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी तयार झालो. माझ्या तबकडीत काटा बसवला त्या क्षणी इस्टेटमधले सगळे भोंगे एकदम वाजले. ती जेवणाची सुट्टी होती, असं काही मत्सरी लोक म्हणतात. पुढे मी भंगाराच्या गोदामात नोकरीला लागलो. तिथे एकदा बार्जचा नांगर माझ्यावर ठेवला, तेव्हा मी जमिनीत इतका रुतलो की खालून गोडं पाणी लागलं आणि शेजारच्या सोसायटीने महिनाभर टँकर मागवला नाही. खोटं वाटत असेल तर सोसायटीत विचारा. नाहीच म्हणतील, फुकटचं पाणी कोण कबूल करतो?

गोदाम बंद पडलं तेव्हा सेलेस्टीन अंकलनी मला कोलशेतला, आपल्या बॉक्सिंगच्या शेडमध्ये आणलं. गंज खरवडला, तेल दिलं, आणि मुलांना सांगितलं की याच्यासमोर थापा चालत नाहीत. ते ऐकून मी छाती फुगवली. वजनकाट्याला छाती नसते हे मला माहीत आहे.

त्या शेडमध्ये दोन हेवीवेट वाढत होते. केनेथ चर्चमागच्या वाडीतला आणि जयेश खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. केनेथ चढला की माझा पत्रा कण्हायचा, जयेश चढला की खिळे. केनेथच्या घरचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, जयेश फस्त करायचा आणि जयेशच्या घरचे बोंबील केनेथ. अंकल म्हणायचे, दोघांना सावकाश पिकू द्या, मग बघा.

सावकाश हा शब्द सुधीरला कुणी शिकवलेला नव्हता. हा सुधीर विठ्ठलवाडीच्या मैदानावर सामने भरवायचा. त्याने दोघांना उचललं, सामन्यांना मलाही टेम्पोत घालून न्यायला लागला, पण हेवीवेटला प्रतिस्पर्धी आणायचा कुठून? त्याने सोपा हिशेब केला: जाडा दिसला की हेवीवेट. डोंबिवलीचा उत्तम नावाचा केटरर त्याने धरून आणला. उत्तम बिचारा माझ्यावर चढला तेव्हा माझा काटा एक फेरी पूर्ण करून दुसरीला निघाला होता. रिंगणात केनेथचा ठोसा अर्ध्या वाटेत असतानाच तो आडवा झाला. पुढच्या वेळी जयेशसमोर तर ठोसा निघायच्याही आधी. आणि खाली लोक शिट्ट्या मारत होते. मला शिसारी आली. उलट न मारणारे पडदे झोडपून कुणी बॉक्सर होतो का?

लोकांनाही कंटाळा आला. मग सुधीर शेडमध्ये आला आणि म्हणाला की आता हे दोघं एकमेकांसमोर उभे करू.

अंकल म्हणाले, दोन वर्षं थांब. सुधीर म्हणाला, फुसके मारून कोण मोठा झालाय, खरा कस यांचा यांच्यातच लागेल. खरं सांगतो मित्रांनो, एवढ्यापुरतं मला सुधीरचंच पटलं.

"कस लाव रे," अंकल म्हणाले, "पण हरेल त्याचं तू काय करशील, ते आधी बोल."

"दोघं माझेच आहेत, अंकल. हरेल त्याला लगेच पुढच्याच कार्यक्रमात सामना देतो. शब्द माझा."

जयेशची आई चंद्रभागा नाक्यावर मासे विकायची. कानावर आलं तशी ती टोपली घेऊनच शेडमध्ये आली. "सेलेस्टीनभाऊ, दोन भरलेल्या चिंबोऱ्या मी एका टोपलीत टाकते, पण नांगे बांधून टाकते. मोकळ्या टाकल्या तर एकमेकींचे नांगे तोडतात. मग गिऱ्हाईक दोघींना हात लावत नाय."

अंकलना तिचं पटलं, पण पोरं स्वतःच तयार झाली होती. त्या वयात कोण नाही म्हणतं?

सामना मात्र खरा झाला. केनेथचा एक ठोसा असा बसला की विठ्ठलवाडीचे सगळे सिग्नल लाल झाले. जयेशने उलट दिला तेव्हा ते पुन्हा हिरवे झाले. शेवटी गुणांवर केनेथ जिंकला, तोही केसभर फरकाने. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. मी म्हटलं, वा, चुकलं नाही आपलं.

पण खरी घाण पुढे आहे. मैदान रिकामं व्हायच्या आत लोकांनी ठरवलं की जयेशमध्ये दम नव्हताच. हेच लोक सकाळी त्याच्यासोबत फोटो काढत होते. सुधीरने दोघांच्या फोटोंचा बॅनर मधोमध कापला. केनेथचा अर्धा भाग नाक्यावर लागला, जयेशचा अर्धा एका वडापावच्या गाडीवर छप्पर म्हणून गेला, चेहरा खाली करून, तेलाच्या धुरात. सुधीर जयेशचा फोन घेईना. हळूहळू जयेश शेडमध्ये यायचा बंद झाला. केनेथ एकटाच दोरीवरून उड्या मारायचा आणि सारखा दाराकडे बघायचा.

मग पुढच्या कार्यक्रमाच्या वजनाचा दिवस आला. सुधीर शेडमध्ये आला, फोन उगारलेले लोक आले, आणि केनेथशी लढायला कोण आला? उत्तम केटरर. तो माझ्यावर चढून उतरला. केनेथ जागचा हलला नाही.

"चढ ना रे," सुधीर म्हणाला.

"जयेशला बोलव. त्याचा सामना लाव, तो पहिला चढेल. मग मी."

"अरे, तो हरलेला आहे. त्याला बघायला कोण येणार?"

"मी हरलेलो असतो तर मलाही वडापाववर टाकलं असतंस ना, सुधीरभाई?"

सुधीर हसला. दुसरं कुणी हसलं नाही. उत्तम बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "मी तर आजवर एकदाही जिंकलेलो नाही. मला बरं दर वेळी बोलावता."

सुधीरने जयेशला फोन फिरवायची वाट बघत सगळे उभे राहिले. मग त्याने फिरवला.

जयेश आला तो खाडीतून सरळ, चिखलाच्या पायांनी, आणि मागे चंद्रभागा. तो माझ्यावर उभा राहिला. पोर वाळलं होतं. मी खरं तेच दाखवलं, माझा इलाज नव्हता. सुधीर लगेच म्हणाला की वजन फारच उतरलंय याचं.

"वजन मी भरते," चंद्रभागा म्हणाली. "तू शब्द भर."

सुधीरने सगळ्यांसमोर कार्यक्रमाच्या यादीत जयेशचं नाव लावलं. मगच केनेथ चढला.

मित्रांनो, होतकरू पोरांना लवकर भिडवा की उशिरा, यावर तुम्ही खुशाल भांडा. मी फक्त एवढंच मागतो: भिडवण्याआधी हरणाऱ्याची जागा राखून ठेवा. ती राखता येत नसेल तर घरी बसून पडदे झोडपा. आणि हो, माझ्यावर चढताना पाय पुसत चला. जयेशच्या पायाचा चिखल अजून माझ्या पत्र्यावर वाळलेला आहे, त्यात दुसऱ्याचा नको. अंकल रोज फडकं घेऊन येतात. मी काटा असा थरथरवतो की ते घाबरून परत जातात.