लांबच्या लेकासाठी थांबलेली पेटी

मी शीतपेटी बोलतेय. नाव ऐकून दोन पावलं मागं सरलात ना? सरा. मला सवय आहे.

कागलच्या एमआयडीसीत मी तयार झाले. शेजारी आइस्क्रीमचे फ्रीजर बनत होते. ते दुकानांत गेले, मी कोल्हापुरातल्या एका तालीम मंडळाकडे आले. गणपतीच्या मांडवाचं सामान ठेवतात त्या खोलीत राहते. लेकरं गावातच असली की माझं काही काम नसतं. परदेशात असली, की ती पोचेपर्यंत मयत ठेवायला मला बोलावणं येतं.

त्या दिवशी सकाळी गल्लीतले पिराजी गेले. एकुलता मुलगा यशराज टोरांटोला. मंडळाच्या आकारामनं मोबाईलवर शोधलं.

"साडेबारा हजार किलोमीटर. मुंबईपातूर विमानाला पंधरा तास. उद्या सकाळी पोरगं दारात हाय बघा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुबईत विमान बदलायचं, तिथं ताटकळायचं, मुंबईहून पुन्हा गाडीनं कोल्हापूर गाठायचं, हे कुणी धरलंच नाही. विमान जणू गल्लीतच उतरणार होतं.

दारात मयत असेपर्यंत इथं गल्लीत चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. पोरांनी बिस्किटांवर भागवलं. समोरच्या बायडाबाईंना साखरेचा आजार. भोवळ येऊन त्या पायरीवर बसल्या, तरी घास घेईनात. तेवढ्यात यशराजचा फोन आला.

"आई, अजून दुबईतच हाय. मला आबांचं तोंड बघायचंय. थांबा."

"व्हिडिओवर दावू का?" आकारामनं विचारलं.

"नको. तसं नको."

पिराजींच्या बायको शालूबाई मला टेकूनच बसल्या होत्या. त्यांनी फोन हातात घेतला. मग म्हणाल्या, "बाळा, दारात आलेल्याला तुझ्या आबांनी कधी उपाशी धाडलं न्हाय. आज त्यांच्यापायी सारी गल्ली उपाशी हाय. आम्ही न्हेतो त्यास्नी. तू सावकाश ये."

फोन ठेवला आणि तेव्हा कुठं त्या मोठ्यानं रडल्या. मला फार वाईट वाटलं. मी अजून थांबले असते, पिराजींना सांभाळलं असतं. पण मला कोण विचारतं?

रक्षाविसर्जन झाल्यावर यशराज माझ्या खोलीत आला.

"डोकं कुठल्या अंगाला हुतं?" त्यानं आकारामला विचारलं. आकारामनं दाखवलं आणि तो बाहेर जाऊन थांबला.

यशराज त्या बाजूला मांडी घालून बसला. गावी आला की पिराजी आधी प्रवासाचं विचारायचे म्हणे, आणि हा 'बरा झाला' म्हणून फोनमध्ये डोकं घालायचा.

"आबा, तिकडं बर्फ पडत हुता, विमान उशिरा सुटलं," तो म्हणाला. "दुबईत लई बसवलं. विमानात शेजारी एक म्हातारा हुता, त्याला पट्टा लावाय येत नव्हता, मी लावून दिला. मुंबईत गाडी लगीच घावली. वाटंत जेवाय थांबलो न्हाय."

तो आता परत टोरांटोला गेलाय. मी मांडवाच्या बांबूंमागं आहे. तुमच्यापैकी कुणी लांबून घरी येत असेल, तर एवढं ऐका: कुणी प्रवासाचं विचारलं, तर सगळं सांगत चला, कंटाळू नका. त्या दिवशी तो बारीकसारीक सारं सांगत होता, आणि मी रिकामी होते.