सळईवरचं कार्ड

शंकरप्पानं गठ्ठ्यातून सळई आरपार घातली, उचलून हलवली. मॅट्रिक झालेल्या बायकांची कार्डं खाली पडली. तेवढ्यांतून त्यानं पुन्हा सळई घातली. जन्म १९५० नंतरचा. आता सातच पडली.

नोकरी नोंदणीच्या त्या कचेरीत अठ्ठ्याहत्तर साली असंच चाले. कार्डाच्या कडेला भोकं, एकेका अटीचं एकेक. अट बसत असेल तर त्या भोकाची कड कापायची; मग कार्ड सळईवर टिकत नाही. पडेल त्याला मुलाखतीचं पत्र, अडकेल तो घरी. साहेबांना या युक्तीचं कोण कौतुक!

"माझं पडलं का, अण्णा?"

खिडकीशी वळसंगची नागव्वा होती. सहा वर्षं दर महिन्याला यायची. नवरा गेल्यापासून दोन लेकरं तिच्या एकटीच्या जिवावर.

"नाही, बाई. बालवाडीला तरुण हव्यात."

"दुष्काळी कामावर मजुरांची हजेरी घ्यायला पन्नासच्या आधी जन्मलेल्या बायका मागितल्या, तवाबी न्हाय पडलं. मी तरुण बी न्हाय, थोर बी न्हाय, व्हय?"

ती हसली. शंकरप्पाला मात्र हसू आलं नाही. त्यानं तिचं कार्ड शोधून काढलं. मॅट्रिकचं भोक कापलेलं. पण जन्माची दोन्ही, पन्नासच्या आधीचं आणि नंतरचं, साबूत. खाली त्याच्याच अक्षरात: 'दाखला आल्यावर भरणे.' मागे टाचणीनं दाखला लावलेला. सहा वर्षांपूर्वीचा. त्यावर पोच म्हणून सहीही त्याचीच.

कशीही सळई घाला, हे कार्ड पडणारच नव्हतं. त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

दाखल्यावर साल होतं १९४९.

"राहिलं होतं कापायचं," तो कसाबसा म्हणाला. "माझ्याकडून."

"मग कापा की आता!"

कड कापायचा चिमटा त्यानं हातात घेतला. नंतरचं भोक कापलं तर दाखला त्याला खोटं पाडणार. आधीचं कापलं तर... हल्ली आधीच्या बायका मागतंय कोण? शेवटी त्यानं आधीचंच कापलं.

"दाखवा की, पडतंय का."

त्यानं सळई घातली, उचलली. कार्ड सुटून टेबलावर पडलं.

"पडलं की हो, अण्णा!" नागव्वानं दोन्ही हात जोडले. "लई उपकार झाले. पत्र कदी येईल?"

शंकरप्पानं ते कार्ड उचलून परत गठ्ठ्यात सरकवलं.